कुरवंड्याच्या खाली कोसळणारं पाणी

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातून नागफणीवर गेलं की समोर सह्याद्री एकदम तुटतो. खाली खोपोलीचं खोरं. मुंबईच्या उद्योगांचा इतिहास बदलला तो याच उतारामुळे!

1854 साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढची साठेक वर्षं गिरण्या वाफेवर चालल्या. वाफेला कोळसा हवा. तो मुंबईजवळ कुठेच नव्हता, बंगालातून किंवा थेट परदेशातून आणावा लागे. वर गिरणगावावर धुराचं छत्र ते वेगळंच.

लोणावळ्याभोवतीच्या मावळात मात्र पाऊस धो धो पडतो. जमशेटजी टाटांनी वीजनिर्मितीसाठी हे पाणी हेरलं, पण काम सुरू होण्याआधीच, 1904 मध्ये ते गेले. 1911 मध्ये पायाभरणी झाली. वळवण, लोणावळा, शिरवता अशी धरणं बांधली गेली. एरवी इंद्रायणीतून पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी घाटमाथ्यावरून पश्चिमेला वळवलं, नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडलं आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली. पुढे बोरघाटातली रेल्वेही विजेवर धावू लागली.

याची किंमतही मावळानेच मोजली. टाटांच्याच पुढच्या मुळशी धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा 1921 मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्याचं नेतृत्व करणाऱ्या सेनापती बापटांचं नाव त्यातूनच घरोघरी पोचलं.

नागफणीवर जाल तेव्हा फोटो काढून झाले की खोपोलीच्या दिशेलाही नक्की बघा. शंभर वर्षं उलटून गेली, तरी तिथे अजून वीज तयार होते.