त्रिलोक गुर्टू यांची ड्रमवादनशैली

त्रिलोक गुर्टू (जन्म : ३० ऑक्टोबर १९५१, मुंबई) हे भारतीय तालवादक, ड्रमवादक आणि संगीतकार आहेत. तबल्याचे बोल आणि पाश्चात्त्य ड्रमसंच यांचा मेळ घालणारी त्यांची वादनशैली जॅझ, फ्यूजन आणि रॉक या तिन्ही क्षेत्रांत परिचित आहे. ही शैली 'प्रोग्रेसिव्ह' मानावी का, याचे उत्तर त्या शब्दाच्या अर्थावर अवलंबून असते. विशिष्ट संगीतप्रकाराचे नाव म्हणून हा शब्द घेतल्यास गुर्टू यांची गणना प्रोग्रेसिव्ह रॉकच्या ड्रमवादकांत होत नाही. वादनपद्धतीचे वर्णन म्हणून तो घेतल्यास मात्र त्याचे बहुतेक निकष त्यांच्या वादनाला लागू पडतात.

संज्ञा

प्रोग्रेसिव्ह रॉक हा रॉक संगीताचा प्रवाह १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुख्यतः ब्रिटनमध्ये उदयास आला. किंग क्रिम्झन, येस, जेनेसिस आणि पिंक फ्लॉइड हे त्यातील प्रमुख वाद्यवृंद होत. प्रदीर्घ रचना, एकाच रचनेत बदलत जाणारी तालचक्रे, अभिजात संगीत व जॅझमधून घेतलेली तत्त्वे आणि ध्वनीचे प्रयोग ही या प्रवाहाची सर्वमान्य लक्षणे आहेत. या संदर्भात 'प्रोग्रेसिव्ह' या शब्दाचा 'पुरोगामी' या सामाजिक वा राजकीय संज्ञेशी संबंध नाही. त्यामुळे मराठी लेखनात तो सहसा भाषांतर न करता वापरला जातो.

या प्रवाहातील ड्रमवादकांची तीन वैशिष्ट्ये सामान्यतः सांगितली जातात : विषम मात्रांच्या चक्रांवर प्रभुत्व, केवळ ठेका न धरता रचनेच्या घडणीत सहभाग आणि नादवैविध्याचा शोध. बिल ब्रुफर्ड, फिल कॉलिन्स, कार्ल पामर आणि नील पेअर्ट यांची नावे या संदर्भात वारंवार घेतली जातात.

पार्श्वभूमी आणि कारकीर्द

गुर्टू यांच्या मातोश्री शोभा गुर्टू (१९२५–२००४) या ठुमरी, दादरा आदी उपशास्त्रीय गायनप्रकारांतील अग्रगण्य गायिका होत्या. त्यांचा जन्म बेळगावचा. त्रिलोक यांनी तबल्याचे शिक्षण शाह अब्दुल करीम यांच्याकडे घेतले. १९७० च्या दशकात ते पाश्चात्त्य ड्रमसंचाकडे वळले.

ध्वनिमुद्रिका ऐकून पाश्चात्त्य संगीत आत्मसात करताना एकावर एक ध्वनिमुद्रण चढवण्याचे, म्हणजे ओव्हरडबिंगचे, तंत्र आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांनी सांगितले आहे. त्यामुळे ऐकू येणारे अनेक थर एकाच वेळी वाजवण्याचा प्रयत्न ते करीत राहिले. ड्रमवादक आणि इतर तालवादक यांची कामे एकाच वादकाने पार पाडण्याच्या त्यांच्या पद्धतीचे एक मूळ या गैरसमजात आढळते.

रॉक संगीताशी त्यांचा संबंध आरंभापासूनचा आहे. 'एम्ब्रियो' या जर्मन वाद्यवृंदाच्या 'अपो-कॅलिप्सो' (१९७७) या ध्वनिमुद्रिकेतील सहभाग हे त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी एक होय. या ध्वनिमुद्रिकेत शोभा गुर्टू यांचे गायनही आहे. एम्ब्रियोची गणना 'क्राउटरॉक' या जर्मन प्रवाहात होते. हा प्रवाह प्रोग्रेसिव्ह रॉकचा समकालीन असून प्रयोगशीलतेच्या बाबतीत त्याला जवळचा आहे.

कॉलिन वॉलकॉट यांच्या १९८४ मधील निधनानंतर गुर्टू 'ऑरेगॉन' या अमेरिकी वाद्यवृंदात सहभागी झाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रिकूटात वाजवू लागले. या त्रिकूटाचा १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेला कार्यक्रम ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने उपलब्ध आहे. 'उस्फ्रेत' (१९८८) या स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी शोभा गुर्टू यांचे गायन, डॉन चेरी यांचा ट्रम्पेट आणि राल्फ टाउनर यांची गिटार यांना एकत्र आणले.

वाद्यसंच आणि बैठक

रॉक ड्रमवादक साधारणपणे स्टुलावर बसतो; त्याचा एक पाय बास ड्रमच्या आणि दुसरा हाय-हॅटच्या पायपट्टीवर असतो. हे पाय ठेक्याचा पाया धरून ठेवतात आणि हात त्यावर नक्षीकाम करतात. गुर्टू मात्र अनेकदा जमिनीलगत, गुडघा टेकून वाजवतात. त्यांच्या संचात ड्रम आणि सिंबल यांच्या शेजारी तबला, घंटा आणि इतर लहान तालवाद्ये असतात. वाजती घंटा वा धातूची तबकडी पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा नाद वाकवणे ही त्यांची विशेष ओळख आहे.

या मांडणीत ठेका मुख्यत्वे पायांवर न राहता हातांतही विभागला जातो. तबल्यावर बोटांच्या निरनिराळ्या आघातांतून निरनिराळे बोल निघतात, तर डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने नाद चढवता-उतरवता येतो. काठीने वाजणाऱ्या ड्रमवर हा गुण सहजी मिळत नाही. किंग क्रिम्झनच्या 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक' (१९७३) या ध्वनिमुद्रिकेत जेमी म्यूर यांनी नेहमीच्या वाद्यांबाहेरील वस्तूंतून तालध्वनी निर्माण केले होते. नादाच्या शोधाचा हा निकष लावल्यास गुर्टू यांचे वादन त्याच जातीचे ठरते.

विषम मात्रांचा निकष

प्रोग्रेसिव्ह वादनाची खूण म्हणून पाच, सात वा नऊ मात्रांच्या चक्रांचा उल्लेख सर्वाधिक होतो. पिंक फ्लॉइडच्या 'मनी' (१९७३) या गीताचा मुख्य भाग सात मात्रांत आहे. जेनेसिसच्या 'सपर्स रेडी' (१९७२) या प्रदीर्घ रचनेत नऊ मात्रांचा एक भाग आहे. चार मात्रांना सरावलेल्या रॉक श्रोत्याला ही चक्रे नवी वाटली.

भारतीय श्रोत्याच्या दृष्टीने हा निकष अपुरा ठरतो. रूपक (सात मात्रा, ३+२+२) आणि झपताल (दहा मात्रा, २+३+२+३) हे शास्त्रीय संगीतातील नित्याचे ताल असून ते कोणत्याही अर्थाने प्रायोगिक मानले जात नाहीत. तबल्याचे शिक्षण घेतलेल्या वादकाने सात मात्रा वाजवणे ही परंपरा होय, नवता नव्हे. शिवाय, जॅझमध्येही 'टेक फाइव्ह' (१९५९) ही पाच मात्रांची रचना प्रोग्रेसिव्ह रॉकच्या आधीची आहे.

दोन्ही पद्धतींतील खरा भेद चक्राच्या वागणुकीत आहे. हिंदुस्थानी संगीतात एका बंदिशीचा ताल सहसा स्थिर असतो. त्याच आवर्तनात लयकारी केली जाते आणि तिहाई घेऊन समेवर येता येते. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये चक्रच बदलू शकते. 'मनी'मध्ये गिटारच्या एकलवादनासाठी ताल सातावरून चार मात्रांवर येतो. या गीताचे ड्रमवादक निक मेसन यांचे वादन तुलनेने साधे आहे. तरीही ते प्रोग्रेसिव्ह मानले जाते, कारण ते रचनेच्या वळणांशी बांधलेले आहे. यावरून काठिण्य आणि प्रोग्रेसिव्हपणा या भिन्न बाबी असल्याचे स्पष्ट होते.

रचनेतील भूमिका

गुर्टू यांच्या बाबतीत हा निकष अधिक महत्त्वाचा आहे. मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रिकूटात गिटार, बास आणि तालवाद्ये एवढीच सामग्री होती. त्यामुळे तालवादकाला साथीदारापुरते मर्यादित राहणे शक्य नव्हते. दोघे कलाकार कार्यक्रमात तालाचे बोल मुखाने म्हणून परस्परांना उत्तरे देत. दक्षिणेत या पठणाला कोन्नक्कोल म्हणतात, तर तबला आणि कथक यांच्या परंपरेत पढंत. येथे ताल ही पार्श्वभूमी राहत नाही. तो रचनेचा आशय होतो.

वर्गीकरण

'डाउनबीट' या अमेरिकी जॅझ नियतकालिकाच्या समीक्षक-मतदानात गुर्टू यांना एकाहून अधिक वेळा अग्रस्थान मिळाले, ते तालवाद्यांच्या विभागात. त्यांचे संगीत जॅझ, फ्यूजन किंवा 'वर्ल्ड म्युझिक' या शीर्षकांखाली नोंदवले जाते. यांतील शेवटची संज्ञा संगीताची रीत न सांगता त्याचा प्रदेश सांगते. परिणामी, पाश्चात्त्य वादकाने विषम चक्र वाजवल्यास तो प्रयोग समजला जातो आणि भारतीय वादकाने वाजवल्यास तो वारसा समजला जातो. दुसऱ्या बाजूने, वारशाने मिळालेल्या गोष्टीलाच प्रयोग म्हणणेही अचूक नाही.

गुर्टू यांच्या वादनातील नवता सात मात्रांत नसून बैठक, संच आणि भूमिका यांच्या फेरमांडणीत आहे. तबल्याचा विचार ड्रमसंचावर नेताना त्यांनी दोन्ही वाद्यांचे रूढ नियम बदलले. म्हणून त्यांना 'प्रोग्रेसिव्ह रॉकचे ड्रमवादक' म्हणणे ऐतिहासिक दृष्ट्या सैल ठरते. मात्र त्यांची शैली प्रोग्रेसिव्ह आहे, असे म्हणण्यास वादनातच पुरेसा आधार आहे.