हंसातलं कृष्णविवर आणि चुंबकी भडके

दिवाळीच्या दिवसांत धर्मापुरीच्या रानातून अंधार पडल्यावर वायव्येला उंच बघा, हंस तारकासमूह दिसेल. त्याच दिशेला सुमारे ७,८०० प्रकाशवर्षांवर व्ही४०४ सिग्नी ही क्ष-किरण सोडणारी, कृष्णविवर आणि ताऱ्याची जोडी आहे. नुसत्या डोळ्यांनी ती दिसत नाही. सूर्याच्या नऊपट वस्तुमानाचं कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढतं आणि तो त्याच्याभोवती तबकडीत साचत राहतो. वर्षानुवर्षं सगळं शांत. मग धरण भरल्यावर दरवाजे उघडावेत तसं होतं. तबकडी तापते, हायड्रोजनचं आयनीभवन होतं आणि वायू वेगाने आत कोसळतो. १९३८, १९८९ आणि जून २०१५ मध्ये हेच घडलं.

यात चुंबकत्व कुठे येतं? तबकडीतला वायू आत सरकतो तो मुख्यतः चुंबकी खळबळीमुळे. शिवाय तबकडीवरच्या चुंबकरेषा पिळवटून तुटतात, नव्याने जुळतात आणि सौरज्वालेसारखे भडके उडतात. १९७९ मध्ये गालेएव्ह, रोझनर आणि व्हायाना यांनी ही भडक्यांची कल्पना मांडली. क्ष-किरणांची क्षणोक्षणीची चमकधमक यातून छान उलगडते. पण महिनोन्‌महिने चालणारा अख्खा उद्रेक निव्वळ भडक्यांवर ढकलणं मला पटत नाही.

आपलं दुर्दैव बघा, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) मुंबईत बनवलेला क्ष-किरण शोधक घेऊन भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह उडाला २८ सप्टेंबर २०१५ ला. जूनचा तमाशा तीन महिन्यांनी हुकला!