अजिंठ्याच्या डोंगरातून शिकारपुस्तकांकडे

अजिंठ्याच्या डोंगरातल्या धावडा गावाहून जाळीचा देव हे देवस्थान जवळ. तिथल्या जाळीत चक्रधरस्वामींनी वाघाची पिलं खेळवली, अशी कथा महानुभाव भाविक सांगतात. याच डोंगररांगेत 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी वाघामागे आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या रंगवलेल्या खांबावर त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. पुस्तक काही लिहिलं नाही. त्याची शिकारकथा एवढीच, आणि तीही भलत्या जागी.

त्याच्यानंतर खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम आला. तोही वाघाच्या शिकारीसाठी गाजला आणि कन्नडच्या घाटाला नाव देऊन गेला. आपल्या दख्खनबद्दल मात्र नीट लिहिलं ते आर. जी. बर्टननं. हैदराबाद कंटिंजंटमध्ये नोकरी केलेल्या या माणसाचं ‘स्पोर्ट अँड वाइल्ड लाइफ इन द डेक्कन’ (1928) मराठवाड्याच्या वाचकानं आधी मिळवावं. सातपुड्यासाठी जेम्स फोर्सिथचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (1871). त्यात साहेबी तोरा भरपूर आहे, पण गोंडांची वस्ती, साग-सालाचं रान आणि जनावरांच्या वाटा इतक्या बारकाईनं आल्या आहेत की तोरा सोसावा.

शिकारपुस्तक हाती घेतलं की मी एक गोष्ट बघतो: गोळी कुणी झाडली ते कळतंच, पण हाका कुणी घातला? माग कुणी काढला? पुष्कळ पुस्तकं इथंच नापास होतात. हाकारे म्हणजे नुसता गलका, आणि वाघ म्हणजे फूट-इंचांत मोजलेलं कातडं.

जिम कॉर्बेट मोठा ठरतो तो याच कसोटीवर. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’मध्ये (1944) 436 बळींची नोंद असलेली चंपावतची वाघीण आहेच. पण दारं लावून बसलेलं गाव आणि गवत कापायला जायला भ्यालेल्या बाया जास्त लक्षात राहतात. जनावर नरभक्षक का झालं, हे तो जखमेतून, तुटलेल्या सुळ्यातून शोधतो; शिकारीआधी तपास करतो. मला त्याचं ‘मॅन-ईटिंग लेपर्ड ऑफ रुद्रप्रयाग’ (1948) अधिक आवडतं: एकच बिबट्या, एकच दरी, आणि हुकलेल्या रात्रींची कबुली. केनेथ अँडरसनचं ‘नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग’ (1954) त्यापुढे सैल वाटतं. तो रंगवून सांगतो. रात्रीच्या वाचनाला उत्तम. पुरावा म्हणून जरा जपूनच.

एफ. डब्ल्यू. चॅम्पियन वनखात्यातला. वाघाच्या वाटेवर तार ताणून त्यानं कॅमेरा लावला आणि रात्री वाघानं स्वतःच आपला फोटो काढला. ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्याचं पुस्तक 1927 चं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदुका खाली ठेवायला लावल्या, त्याच्या कितीतरी आधीचं.

मराठीत या वाटेवर व्यंकटेश माडगूळकर आहेत. ते स्वतः शिकारी होते. ‘नागझिरा’मध्ये मात्र नुसते बसून बघतात. मारुती चितमपल्लींकडे वनाधिकाऱ्याची नोंदवही आणि आदिवासींकडून मिळालेलं ज्ञान, दोन्ही आहे. ज्याला रान कळून घ्यायचं आहे त्यानं यांच्यापासून सुरुवात करावी आणि मग कॉर्बेटकडे जावं. लिहिण्यासारखं अजून पुष्कळ आहे: 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ हा वाघ शेतं आणि रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या प्रवासावर या तोलाचं पुस्तक मला वाचायचं आहे.