मुळे किती, उत्तरे किती?

मलकापूरच्या शिवारात भाताच्या तरव्याला ४० मीटर तारेचे आयताकृती कुंपण घालायचे असेल, तर लांबी-रुंदीची बेरीज २० मीटर होते; एका बाजूला क्ष मानून आत ९६ चौरस मीटर जागा हवी असे म्हटले, की क्ष² − २०क्ष + ९६ = ० हे वर्गसमीकरण, म्हणजे अज्ञात राशीचा सर्वांत मोठा घातांक २ असलेले समीकरण, हाती येते आणि ८ व १२ या त्याच्या दोन किमती, अर्थात मुळे, मिळतात. जागा १०० चौरस मीटर मागितली तर १० ही एकच किंमत उरते, कारण तेवढ्या तारेत बसणारा सर्वांत मोठा आयत हा चौरसच असतो. १०१ मागितली, तर तार कशीही वळवली तरी तसा आयत होत नाही.

समीकरण न सोडवताच मुळे किती हा निर्णय देणाऱ्या राशीला दहावीच्या पाठ्यपुस्तकात ‘विवेचक’ म्हणतात. क्ष², क्ष आणि सुट्या पदाचे सहगुणक अनुक्रमे अ, ब, क असतील तर विवेचक ब² − ४अक असतो. वरील तीन समीकरणांत तो १६, ० आणि −४ येतो. हे सूत्र घोकण्यापेक्षा त्याचे मूळ पाहणे अधिक मोलाचे आहे. गणिती श्रीधराचार्यांच्या रीतीने सुटे पद उजवीकडे नेऊन समीकरणाला ४अ ने गुणले आणि दोन्ही बाजूंत ब² मिळवला, की डावीकडे (२अक्ष + ब) चा पूर्ण वर्ग तयार होतो आणि उजवीकडे नेमका विवेचक उरतो. धन संख्येला दोन वर्गमुळे असतात, शून्याला एक, आणि ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसते, कारण कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण होत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात हे तत्त्व स्पष्ट मांडले. मात्र त्यांची खरी थोरवी त्यापुढच्या विवेकात दिसते. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग इतके वानर वनात रमले आणि उरलेले १२ टेकडीवर दिसले, तर कळप केवढा, या उदाहरणात ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरे त्यांनी स्वीकारली. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत शिरतात व एक बाहेर फांदीवर दिसतो; तेथे विवेचक २०२५, म्हणजे ४५ चा वर्ग, येतो आणि ५० व ५ ही मुळे मिळतात. परंतु ५ चा पंचमांश १ असून त्यातून ३ वजा केल्यास −२ उरतात, आणि अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही म्हणून भास्कराचार्यांनी ते मूळ नाकारले. ५० धरल्यास हिशेब जुळतो: १० उणे ३ म्हणजे ७, त्याचा वर्ग ४९ वानर गुहेत, आणि एक फांदीवर.