नागपूर ते मुंबई, चाळीस मिनिटांत

ऑगस्ट २०१८. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दुपारी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांची बनावट कार्डं जगभरच्या एटीएममध्ये सरकवली जात होती. काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून आणखी अडीच कोटी. सोमवारी ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेच्या मार्गाने १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

पुण्यातल्या सहकारी बँकेचे खातेदार एकाच दुपारी २८ देशांत कसे, हा प्रश्न कुणालाच कसा पडला नाही? संपादकांना ‘यंत्र चोर कसा ओळखतं’ यावर लेख हवा होता. मी मात्र या एका प्रश्नापाशी अडकलो, आणि त्यातून पोचलो एका जुन्या, हट्टी नियमापाशी.

नियम शाळकरी आहे: अंतर भागिले वेळ. सकाळी दहाला एखादं कार्ड नागपुरात वापरलं आणि दहा चाळीसला मुंबईत. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे ताशी हजाराच्या वर वेग. प्रवासी विमानही एवढं पळत नाही, तेव्हा दोनांपैकी एक कार्ड खोटं. पृथ्वी गोल असल्यामुळे हे अंतर ‘हॅवरसाइन’ नावाच्या सूत्राने काढतात. ते दर्यावर्दी लोकांच्या कोष्टकांतून आलं आहे. ज्या राशीचा अर्धा भाग म्हणजे हॅवरसाइन, त्या उत्क्रमज्येचं कोष्टक आपल्या सूर्यसिद्धांतातही आहे. ग्रहांसाठी मांडलेलं गणित आता एटीएमवर पहारा देतं, याची मला गंमत वाटत राहते.

पण एकटा नियम भाबडा असतो. म्हणून त्याच्यावर शिकणारं यंत्र बसवलं गेलं. सॅन दिएगोच्या एचएनसी कंपनीने १९९२ मध्ये ‘फाल्कन’ ही न्यूरल नेटवर्कवर चालणारी प्रणाली आणली. प्रत्येक कार्डाच्या सवयींचं टिपण ठेवायचं आणि नव्या व्यवहाराला धोक्याचा गुण द्यायचा, ही तिची पद्धत. आजच्या प्रणालींचा सांगाडाही तोच आहे. घरापासून किती लांब? मागच्या व्यवहारापासून किती लांब, किती वेळाने? या गावात हा माणूस पूर्वी आला होता का? रक्कम, वेळ, दुकानाचा प्रकार यांच्या जोडीला अशी उत्तरं ठेवली जातात आणि सेकंदाच्या एका तुकड्यात निकाल लागतो.

मग कॉसमॉसच्या वेळी काय झालं? चोरांनी पहारेकऱ्याला बाजूलाच ठेवलं. एटीएमकडून येणारी विचारणा ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते. हल्लेखोरांनी आपला खोटा स्विच मध्ये घातला. विचारणा तिथपर्यंतच यायची आणि तिथूनच ‘द्या पैसे’ असं उत्तर जायचं. बँकेच्या मुख्य संगणकावर कितीही हुशार यंत्र बसवलेलं असतं, तरी त्याच्या डोळ्यांसमोर तो व्यवहार आलाच नसता.

आता स्थळ कार्डापुरतं राहिलेलं नाही. यूपीआयच्या संदेशात फोनचा प्रकार, आयपी पत्ता यांच्याबरोबर अक्षांश-रेखांशाचीही जागा आहे. म्हणूनच पैसे पाठवणारं अ‍ॅप लोकेशनची परवानगी मागतं.

अडचण अशी की स्थळ खोटं बोलतं. आयपी पत्ता अनेकदा मोबाइल कंपनीच्या दूरच्या केंद्राचा असतो. माणूस गडचिरोलीत आणि पत्ता मुंबईचा, असं सहज होतं. अँड्रॉइड फोनमध्ये खोटं लोकेशन दाखवायची सोय मुळातच आहे. कार्डाचं यंत्र नोंदलेलं असतं पुण्यात आणि त्याचा मालक जत्रेत दुकान मांडून बसलेला असतो. शिवाय खरी माणसं खरोखरच फिरतात. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतो आणि पुढचे कित्येक महिने सांगलीत, कोल्हापुरात किंवा कर्नाटकात काढतो. महानगरातल्या पगारदारांच्या सवयींवर शिकलेल्या यंत्राला हा माणूस संशयास्पदच दिसणार.

संशय चुकीचा ठरण्याचं प्रमाण किती असू शकतं, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. या विषयाचे विद्यार्थी ज्या माहितीवर हात बसवतात, ती युरोपीय कार्डधारकांची आहे. सप्टेंबर २०१३ मधल्या दोन दिवसांचे २,८४,८०७ व्यवहार, त्यांत फसवणुकीचे ४९२. (गुप्ततेसाठी तिचे रकाने गणिताने असे घुसळलेत की रक्कम आणि वेळ सोडून काही ओळखू येत नाही. म्हणजे जगभरची मुलं हे काम शिकतात, ती गावाचं नाव न बघता.) हेच प्रमाण धरलं तर लाखात सुमारे १७३ व्यवहार खोटे. यंत्राने त्यांतले नव्वद टक्के पकडले आणि खऱ्यांपैकी फक्त एक टक्क्यावर चुकून बोट ठेवलं, तर १५५ चोऱ्या सापडतील आणि जवळपास हजार निरपराध व्यवहार अडतील. पेट्रोल पंपावर मागे गाड्यांची रांग असताना ज्याचं कार्ड नाकारलं जातं, त्याला त्या १५५ चोऱ्यांचं कौतुक कुणी सांगावं?

आणि ज्या चोरीसाठी हा नियम बसवला, ती चोरीच बदलली. चुंबकीय पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरची मुदत दिली होती; चिपची नक्कल पट्टीइतकी सोपी नाही. आता फोनवरून खोट्या अटकेची, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’ची, धमकी देणारा चोर निवृत्त शिक्षकाकडून त्याच्याच घरात, त्याच्याच फोनवरून, त्याच्याच बोटाने पैसे पाठवून घेतो. अंतर शून्य, वेग शून्य. म्हणून नजर पैसे घेणाऱ्याकडे वळली आहे. भाड्याने दिलेली खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ तयार केलं, गृह मंत्रालयाचं ‘प्रतिबिंब’ गुन्ह्यातले मोबाइल नकाशावर दाखवतं. उपयोग आहेच. पण नकाशावर सायबर चोरीसाठी बदनाम झालेलं झारखंडचं जामताडा लाल झालं की तिथल्या सरळमार्गी किराणा दुकानदाराच्या खात्यालाही यंत्र जास्त गुण देऊ लागणार, आणि आपल्यावर संशय का आला हे त्याला समजावून सांगणारं कुणी नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच भागाची वाटते.

संशय आला तर निदान विचारून घ्यावं, तर तीही वाट बुजत चालली आहे. बँक फोन करते: ‘आत्ता कोल्हापुरात पैसे काढताय ते तुम्हीच ना?’ ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, हे त्याच बँकेने वर्षानुवर्षं ग्राहकाच्या गळी उतरवलेलं. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना असे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायला सांगितलं. उसाच्या फडात फोन वाजल्यावर तो आकडा बघून ओळखणारे किती आणि अनोळखी नंबर म्हणून तोडणारे किती, हे बँकांना अजून शिकायचं आहे.