यशयाची 'अल्मा' आणि मत्तयाची 'कुमारी'

जुन्या करारातील वचने ख्रिस्ताची पूर्वछाया होत, ही ख्रिस्ती परंपरेची धारणा. तिचे बळ आणि तिची अडचण यशया ७:१४ या एकाच वचनात दिसते. इ. स. पू. ७३५ च्या सुमारास अराम व इस्राएल यांनी मिळून यहूदावर स्वारी केली. तेव्हा भयभीत आहाज राजाला यशयाने चिन्ह सांगितले: 'अल्मा' इम्मानुएल नावाच्या पुत्राला जन्म देईल आणि त्याला बरेवाईट कळण्यापूर्वीच शत्रूंचे देश ओसाड पडतील. सात शतकांनंतरच्या जन्माचा आहाजाला कोणता दिलासा?

हिब्रू 'अल्मा' म्हणजे तरुण स्त्री. ख्रिस्तपूर्व काळात यहुद्यांनीच केलेल्या ग्रीक भाषांतरात तेथे 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, हा शब्द आला. मत्तयाने तोच येशूच्या जन्माला लावला. १९५२ मध्ये इंग्रजी 'रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन'ने 'तरुण स्त्री' छापताच अमेरिकेत एका धर्मोपदेशकाने ते पान जाहीरपणे जाळले.

तथापि मत्तयावर केवळ भाषांतरदोषाचा ठपका ठेवणे उथळ ठरेल. त्याचा विश्वास आधीचा आहे. वचनाकडे तो त्या विश्वासातून मागे वळून पाहतो. कुमरान येथे सापडलेल्या हबक्कूकवरील भाष्यातही प्राचीन वचने भाष्यकाराच्या स्वतःच्या काळाला लावलेली आढळतात. ही वाचनपद्धती मुळात यहुदीच होती.