क्रूझची निवड आणि फोनचा ससेमिरा

श्रीवर्धनकडचे आमचे एक परिचित आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी तीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. चाचींनी मात्र जहाजावर कधी पाय ठेवला नाही. त्यांच्या वाट्याला आली ती पत्रे, मनिऑर्डरी आणि वाट पाहणे. लग्नाला चाळीस वर्षे होतील त्या वर्षी चाचींना एका चांगल्या, आरामशीर जहाजावरून आठवडाभर भूमध्य समुद्र दाखवायचा, असे चाचांनी मनाशी ठरवले होते. पैसा निवृत्तीचा, पै-पै करून साठवलेला.

जानेवारीत त्यांनी माहितीपत्रक मागवण्यासाठी मोबाईलवरच एक फॉर्म भरला. नाव, वय, फोन क्रमांक, प्रवासाचा महिना आणि अंदाजे खर्च. अर्ध्या तासात पहिला फोन आला. मग दुसऱ्या कंपनीचा, मग तिसऱ्या. जेवताना फोन, दुपारी डोळा लागला की फोन, लग्नघरी गेले तर तिथेही फोन. चाचींनी वहीत टिपून ठेवले आहे, एकवीस दिवसांत सेहेचाळीस फोन.

नवव्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "सर, या भावात दोनच केबिन उरल्या आहेत. रात्री बारानंतर माणशी चाळीस हजार वाढतील. टोकन भरून ठेवा, नाही जमले तर पूर्ण परत." चाचांनी पन्नास हजार रुपये भरले. दुसऱ्या दिवशी ईमेलने अटी आल्या. त्यात लिहिले होते की टोकन परत मिळणार नाही, वर्षभरात दुसऱ्या सहलीत वळते करून घेता येईल. फोनवर काय ठरले होते याचा कागद चाचांकडे नव्हता. पन्नास हजार अडकले ते अडकलेच.

चाचा अडाणी नाहीत. जगातली निम्मी बंदरे त्यांनी पाहिली आहेत. तरी ते फसले, कारण हिशेब करण्याआधीच निर्णय घ्यायला त्यांना भाग पाडले गेले. महागड्या सहलीच्या विक्रीत फोनचे खरे काम हेच असते. तेव्हा हे फोन का येतात आणि त्यांना कसे तोंड द्यावे, हे समजून घेतले पाहिजे.

फोनमागचे गणित

क्रूझ कंपन्या आपल्या केबिन मोठ्या प्रमाणावर एजंटांमार्फत विकतात आणि मूळ भाड्यावर त्यांना साधारणपणे १० ते १५ टक्क्यांच्या आसपास दलाली देतात. बंदराचे आकार आणि कर यांवर दलाली मिळत नाही. चाचांचे मूळ भाडे माणशी ४ लाख, म्हणजे दोघांचे ८ लाख रुपये होते. त्यावर एजंटाला ८० हजार ते १ लाख २० हजार रुपये सुटतात. एका गिऱ्हाइकामागे एवढी रक्कम असेल तर दहा-वीस फोन करणे कोणाला जड जाईल?

दुसरी गोष्ट मोसमाची. जानेवारी ते मार्च हा क्रूझ विक्रीचा सर्वात मोठा हंगाम. या तीन महिन्यांत जगभर सवलतींच्या जाहिराती निघतात आणि विक्रेत्यांना महिन्याचे लक्ष्य गाठायचे असते. चाचांचा फॉर्म नेमका जानेवारीत गेला.

तिसरी गोष्ट जहाजाची. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'सारख्या अजस्र जहाजात पाच हजारांहून अधिक प्रवासी मावतात. उंची क्रूझची जहाजे त्यामानाने लहान असतात. रिजेंट कंपनीच्या 'सेव्हन सीज एक्सप्लोरर'ची क्षमता सुमारे ७५० प्रवाशांची आहे. त्यामुळे "केबिन थोड्याच आहेत" हे वाक्य पुष्कळदा खरेही असते. पण जहाज निघाले की रिकाम्या केबिनची किंमत शून्य होते, म्हणून शेवटपर्यंत घाई कंपनीलाही असते.

आज रात्रीपर्यंतच!

"आज रात्रीपर्यंतच" या धमकीला एक साधे उत्तर आहे. अनेक क्रूझ कंपन्या एजंटाला काही काळ, कधी एक दिवस तर कधी तीन-चार दिवस, पैसे न घेता केबिन राखून ठेवू देतात. व्यवसायात याला 'ऑप्शन' किंवा 'होल्ड' म्हणतात. फोन करणाऱ्याला म्हणावे, "माझ्या नावाने केबिन होल्डवर ठेवा आणि होल्ड किती तारखेपर्यंत आहे ते लेखी पाठवा." जो ठेवतो त्याच्याशी पुढे बोलावे. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे केबिन आहे की नाही, याचीच शंका घ्यावी.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यात फसव्या विक्रीचे १३ प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई निर्माण करणे, एकाच गोष्टीसाठी सतत पिच्छा पुरवणे आणि खरा भाव आधी न सांगता टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे हे तिन्ही प्रकार त्या यादीत आहेत. या सूचना प्रामुख्याने इंटरनेटवरील विक्रीसाठी आहेत. पण फोनवरच्या विक्रेत्याच्या युक्त्या याच असतात, म्हणून ही यादी ग्राहकाने ओळखून ठेवावी.

पूर्ण रक्कम लवकर भरल्यास सूट, हे दुसरे आमिष. सामान्यतः आधी १० ते २५ टक्के अनामत आणि उरलेली रक्कम प्रवासाच्या तीन ते पाच महिने आधी भरायची असते. त्याआधीच सर्व पैसे देण्यात धोका आहे. क्रिस्टल क्रूझेस ही उंची प्रवासातली अत्यंत नावाजलेली कंपनी. जानेवारी २०२२ मध्ये तिची मालक कंपनी गेंटिंग हाँगकाँग आर्थिक संकटात कोसळली. इंधनाच्या थकबाकीपायी अमेरिकी न्यायालयाने जप्तीचा हुकूम काढला, तेव्हा 'क्रिस्टल सिम्फनी' हे जहाज मायामीला न जाता बहामातील बिमिनीकडे वळवण्यात आले आणि प्रवाशांना फेरीबोटीने फ्लोरिडाला आणावे लागले. ज्यांनी पुढच्या सफरींचे पैसे भरले होते ते परताव्यासाठी ताटकळत राहिले. पुढे नव्या मालकाने जहाजे आणि नाव विकत घेतले आणि २०२३ मध्ये सफरी पुन्हा सुरू झाल्या, ती गोष्ट वेगळी. आपल्या मुंबईहून २०१९ मध्ये मोठ्या थाटात सुरू झालेली जलेश क्रूझेस २०२० मध्ये कोरोनाकाळात बंद पडली आणि तिचे 'कर्णिका' जहाज अलंगला भंगारात निघाले. म्हणून "एवढी मोठी कंपनी, बुडेल कशी?" या प्रश्नावर पैसे सोडू नयेत.

भावात काय आहे, काय नाही

फोनवर सांगितलेला आकडा हा भाव नसतो. सिल्व्हरसी, सीबॉर्न यांसारख्या कंपन्यांच्या भाड्यात जेवण, पेये आणि बक्षिशी धरलेली असते. रिजेंटच्या भाड्यात किनाऱ्यावरच्या पुष्कळ सहलीही येतात. याउलट सर्वसाधारण मोठ्या जहाजांवर माणशी रोज १६ ते २० डॉलर बक्षिशी वेगळी लागते. दोघांच्या सात रात्रींची ती २२४ ते २८० डॉलर होते. त्यामुळे महाग आणि स्वस्त यांची तुलना सर्व खर्च धरूनच करावी.

येथे आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'सर्व काही समाविष्ट' या भाड्यात मद्याची किंमतही असते. जो मद्याला शिवतही नाही, त्याला तो पैसा फुकट जातो. अशा कुटुंबाला पेये वेगळी असलेले, एक पायरी खालचे जहाज अधिक किफायतशीर पडू शकते. सेहेचाळीस फोनांपैकी एकातही चाचांना हे कोणी सांगितले नाही. हलाल किंवा शाकाहारी जेवणाची व्यवस्था होईल काय, तेही क्रूझ कंपनीकडूनच लेखी घ्यावे. एजंटाच्या "हो जाएगा सर" वर विसंबू नये.

व्हिसाचेही तसेच. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो. वाटेत तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाचे बंदर असून जहाज पुन्हा युरोपात परतणार असेल, तर अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा लागतो. व्हिसा नाकारला गेला आणि तोवर रद्द करण्याची मुदत टळली, तर मोठी रक्कम कापली जाते. म्हणून पैसे भरण्याच्या तारखा, व्हिसाच्या तारखा आणि रद्द केल्यास किती टक्के कापणार याचे कोष्टक एका कागदावर मांडावे. विमानभाडे, विमा आणि विदेशी सहलीवर कापला जाणारा टीसीएस त्यातच लिहावा. टीसीएस प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

फोन कसा आवरावा

सर्वप्रथम, कारण सांगू नये. "मुलाला विचारून सांगतो" म्हटले की मुलाचा क्रमांक मागतात. "महाग वाटते" म्हटले की सवलत काढतात. प्रत्येक कारण म्हणजे पुढच्या फोनला दिलेले निमंत्रण होय. एकच वाक्य ठरवून ठेवावे: "मी फोनवर व्यवहार करत नाही. सर्व अटींसह भाव लिहून पाठवा. वाचून मीच फोन करीन." एवढे बोलून, सलाम करून फोन ठेवावा. यात उद्धटपणा नाही. समोरचा मुलगाही पगारापायी बसलेला असतो. त्याचाही वेळ वाचतो.

दुसरे, चौकशीसाठी शक्यतो वेगळा ईमेल पत्ता द्यावा आणि फॉर्मखाली संमतीची चौकट असते ती वाचावी. आपण स्वतः संमती दिली असेल तर 'डीएनडी' नोंदणी असूनही त्या कंपनीचे फोन येऊ शकतात. ती संमती मागे घेतल्याचे त्या कंपनीला लेखी कळवावे.

तिसरे, तक्रार करावी. १९०९ हा क्रमांक याच कामासाठी आहे. त्यावर डीएनडी नोंदणीही होते आणि तक्रारही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम कडक केले. आता फोन आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते. साध्या दहा अंकी क्रमांकावरून जाहिरातीचा फोन आला तर डीएनडी नोंदणी नसली तरी तक्रार घेतली जाते. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. पैशांचा वाद असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर दाद मागावी.

तक्रारीने काय होणार, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतले एक उदाहरण पाहा. तेथे २०११-१२ मध्ये ध्वनिमुद्रित फोन करून, राजकीय सर्वेक्षणाच्या नावाखाली बहामाची 'मोफत' क्रूझ गळ्यात मारण्याची मोहीम चालली. सरकारच्या म्हणण्यानुसार दररोज सुमारे १ कोटी २० लाख ते १ कोटी ५० लाख फोन जात होते. मार्च २०१५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि दहा राज्यांनी कॅरिबियन क्रूझ लाइन व तिच्या साथीदारांवर कारवाई केली. ग्राहकांच्या वेगळ्या सामूहिक दाव्यात २०१६ मध्ये ७ कोटी ६० लाख डॉलरपर्यंतची तडजोड झाली. फोन आल्याची नोंद ज्यांनी जपून ठेवली, त्यांच्या पाठीशी कायदा उभा राहू शकला. चाचींच्या वहीचे मोल तेवढ्यासाठीच आहे.

विक्रेत्यांसाठीही चार शब्द

आपल्या वाचकांत टूर-ट्रॅव्हल्सचा व्यवसाय करणारे अनेक बांधव आहेत. त्यांनी या कथेचा शेवट ऐकावा. चाचांची बुकिंग अखेर एका लहानशा कार्यालयातील बाईंकडे झाली. त्यांनी एकदाच फोन केला आणि तीन प्रश्न विचारले: चाचींचे गुडघे कसे आहेत, जेवणाचे काय पथ्य आहे आणि पासपोर्टची मुदत कधी संपते? मग दोन पानी पत्र पाठवले. त्यात दोन जहाजांची तुलना, रद्द करण्याचे कोष्टक आणि व्हिसाच्या तारखा होत्या. पेये वेगळी असलेल्या जहाजावर दोघांचे लाखभर रुपये वाचतील, हेही त्यांनीच लिहिले होते. त्यांची दलाली त्यामुळे कमी झाली. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, "आपला फोन आल्याशिवाय मी फोन करणार नाही."

बारा दिवसांनी चाचांनीच फोन केला. पैसे भरण्यापूर्वी त्यांनी क्रूझ कंपनीकडे त्या अधिकृत एजंट आहेत का, याची खात्री केली आणि अनामत कार्डाने भरून कंपनीचा बुकिंग क्रमांक मागून घेतला. यंदा त्यांचा मेहुणाही त्याच बाईंकडे चौकशीला गेला आहे.

ते पन्नास हजार मात्र अजून अडकलेलेच आहेत. चाचांनी १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. आता कोणाचाही विक्रीचा फोन आला की चाचा तो चाचींकडे देतात. चाची वही उघडतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "बेटा, तुमचे नाव आणि कंपनीचा पत्ता सांगा, लिहून घेते." बहुतेक फोन तिथेच बंद होतात.